गोएमोनची कढई आणि आमचं पिंप

गेल्या थंडीत आमच्या अण्णांची पाठ धरली. अण्णा म्हणजे माझे वडील, वय वर्षे 78. डॉक्टर म्हणाले, "रोज पंधरा-वीस मिनिटं कोमट पाण्यात बसता आलं तर फार बरं." डॉक्टरांचं काय जातं? बसायचं कशात? आमच्या न्हाणीघरात बादली ठेवली की माणसाला उभं राहावं लागतं. दुकानात जाऊन टबाची किंमत विचारली, तेव्हा पाठ माझीच धरली.

बँकेतला कारकून अडला की जुनी दप्तरं उघडतो. मीही उघडली, आणि थेट जपानात जाऊन पोचलो.

1594 साली क्योटो शहरात इशिकावा गोएमोन नावाच्या दरोडेखोराला कढईत उकळून ठार मारण्यात आलं. बरोबर त्याचा लहान मुलगाही होता. दंतकथा अशी की, स्वतः उकळत असताना बापाने पोराला दोन्ही हातांनी डोक्यावर उचलून धरलं. पुढे जपानी लोकांनी आंघोळीच्या लोखंडी कढईलाच त्याचं नाव देऊन टाकलं – गोएमोनबुरो! आपल्याकडे बंबाला असलं नाव असतं, तर दिवाळीच्या पहाटेसुद्धा पोरं अंथरुणातून उठली नसती.

या कढईची रचना अगदी सोपी. खाली चूल, वर कढई, आणि पाण्यावर तरंगणारी गोल फळी. ही फळी म्हणजे झाकण नव्हे. तिच्यावर पाय देऊन आपल्याच वजनाने तिला तळाशी न्यायचं, म्हणजे तळवे भाजत नाहीत. हे ठाऊक नसलं की काय होतं, ते जिप्पेनशा इक्कू या विनोदी लेखकाने लिहून ठेवलं आहे. 1802 साली प्रसिद्ध होऊ लागलेल्या त्याच्या 'तोकाइदोचू हिझाकुरिगे' या प्रवासवर्णनात याजी आणि किता हे एदोचे दोन वीर ओदावाराच्या सराईत उतरतात. झाकण समजून फळी बाजूला काढतात, पाय भाजून घेतात, आणि मग चक्क लाकडी खडावा घालून कढईत शिरतात. शेवटी खडावांच्या दणक्याने कढईचा तळ फुटतो, पाणी चुलीत जातं आणि भरपाई द्यावी लागते. मी वाचताना पोट धरून हसलो.

कढईसुद्धा परवडत नाही, त्याचं काय? त्याचं उत्तरही तिथेच सापडलं. 1945 साली युद्ध संपलं तेव्हा जपानची शहरंच्या शहरं जळून गेली होती. घरच नाही, तिथे न्हाणीघर कुठलं? लोकांनी तेलाची 200 लिटरची रिकामी पिंपं दगडांवर उभी केली, खाली जाळ घातला, आणि उघड्या आभाळाखाली गळ्यापर्यंत पाण्यात बसले. आपण पाणी अंगावर घेतो; जपानी माणूस अंग पाण्यात घालतो. आणि तेही बाहेर स्वच्छ धुऊन, कारण त्याच पाण्यात घरातल्या सगळ्यांना उतरायचं असतं. खेड्यांत तर आज एकाने पाणी तापवायचं आणि शेजाऱ्यांना बोलवायचं, उद्या दुसऱ्याने, अशी पद्धत होती. सरपण वाचतं, वर गप्पा फुकट. आमच्या भाषेत जॉइंट अकाउंट.

मी हिशेब मांडला. 100 लिटर पाणी 25 अंशांवरून 40 वर न्यायला 1500 किलोकॅलरी, म्हणजे विजेचे पावणेदोन युनिट. परसातल्या झावळ्या जाळल्या तर तेही नाहीत. जुन्या बाजारातून खाद्यतेलाचं पिंप आणलं. वरचा भाग कापून घेतला, धारेवर चिरलेली रबरी नळी बसवली. तीन दगड, एक फळी. रविवारी पहिला प्रयोग अर्थातच माझ्यावर. फळी एका बाजूने दाबली की दुसऱ्या बाजूने वर येई. अंगठा पत्र्याला लागला मात्र, मी ओरडलो, "अगं, माझी रबरी चप्पल दे!"

"अहो, कालच त्या दोघांना हसत होता ना?" ही म्हणाली.

शेवटी फळीवर तिचा पाटा ठेवला. फळी मुकाट्याने तळाशी गेली.

मग अण्णा. विस्तव ओढून काढला, कोपर बुडवून पाणी पाहिलं, आत चौरंग ठेवला. पण अण्णा हात लावू देईनात. "मी चढेन माझा माझा." पहिल्या विटेवर पाय थरथरला, तसे थांबले. मी काखेत हात घालून उचललं. एके काळी दिवाळीच्या पहाटे मला झोपेतून उचलून घंगाळापाशी नेणारा हा माणूस वजनाला इतका हलका झाला आहे, हे माझ्या कुठल्याच हिशेबात नव्हतं.

अण्णा छातीपर्यंत पाण्यात बसले. डोळे मिटले. बराच वेळ कुणीच काही बोललं नाही. मी आपला उगाच राख सारखी करत बसलो.

"पुढच्या रविवारी शेजारच्या नानालाही बोलाव," डोळे न उघडताच ते म्हणाले. "एवढं पाणी एकट्यासाठी कशाला तापवायचं?" आणि जरा थांबून, "मात्र घरून अंग धुऊन यायला सांग त्याला."