मेंदूविकासाचे विषपरीक्षण आणि भाषेचे मापन

धाराशिव जिल्ह्यात (2023 पूर्वीचा उस्मानाबाद जिल्हा) खरिपात सोयाबीन व तूर, बागायतीत ऊस व द्राक्षे ही पिके प्रामुख्याने घेतली जातात. औषधाचा पंप पाठीवर बहुधा पुरुष घेतात. परंतु फवारलेल्या शेतात खुरपणीस व काढणीस जाणाऱ्यांत स्त्रियांचा भरणा मोठा असतो, आणि त्यांत गर्भवती व अंगावर पाजणाऱ्या स्त्रियाही असतात. फवारणाऱ्यास विषबाधा झाली तर घाम, लाळ, अंधुक दृष्टी, स्नायूंची थरथर या लक्षणांनी ती काही तासांत प्रगट होते. गर्भस्थ मेंदूस झालेला अपाय मात्र मूल उशिरा बोलू लागल्यावर किंवा शाळेत मागे पडल्यावर, म्हणजे काही वर्षांनी, जाणवतो. तोवर कारणाचा माग काढणे जवळजवळ अशक्य झालेले असते. हा अपाय प्रयोगशाळेत आगाऊ ओळखण्याच्या पद्धती कशा सिद्ध झाल्या, आणि त्यांच्या हातून काय निसटले, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

मज्जाविषाच्या परीक्षणाचा आरंभ प्रौढांच्या आजारांपासून झाला. 1930 मध्ये अमेरिकेत आल्याच्या अर्कात मिसळलेल्या ट्रायऑर्थोक्रेसिल फॉस्फेट या द्रव्याने हजारो लोकांचे पाय लुळे पडले. मॉरिस स्मिथ व त्यांच्या सहकाऱ्यांनी हा दोष प्राण्यांत उत्पन्न करून दाखविला, आणि पुढे सेंद्रिय फॉस्फरसयुक्त द्रव्यांची अशी परीक्षा कोंबडीवर घेण्याचा प्रघात पडला. कारण उंदरास हा पक्षाघात सहसा होत नाही. कोणत्या प्राण्यास विचारावे यावर काय उत्तर मिळेल हे अवलंबून असते, हा धडा त्यातच होता. महाराष्ट्रासही या द्रव्याची ओळख पटली आहे: मुंबईतील अशाच विषबाधेचे विवेचन व्होरा, दस्तूर व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1962 मध्ये प्रसिद्ध केले.

गर्भाचा प्रश्न वेगळा आहे, हे मिनामाताने शिकविले. जपानमधील या गावी 1956 मध्ये पाऱ्याच्या सेंद्रिय संयुगाने होणारा रोग प्रथम अधिकृतपणे नोंदला गेला. कारखान्याच्याच रुग्णालयातील डॉक्टर होसोकावा यांनी 1959 मध्ये कारखान्याचे सांडपाणी मांजरास खाऊ घालून तोच रोग उत्पन्न केला. परंतु तो निष्कर्ष त्या वेळी दडविण्यात आला. ज्यांच्या माता धडधाकट दिसत होत्या, अशी पंगू बालके त्या गावात जन्मत होती. वार विषास अडविते ही तत्कालीन वैद्यकाची समजूत त्यांच्यामुळे ढासळली, आणि 1962 मध्ये त्यांचा रोग जन्मजात मिनामाता रोग म्हणून मान्य झाला. प्रौढास निरुपद्रवी ठरलेली मात्रा गर्भासही निरुपद्रवी असेलच असे नाही, ही गोष्ट येथून पुढे नाकारता येईना. नियम मात्र सावकाश आले. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याची मार्गदर्शिका 1991 ची, आणि आर्थिक सहकार्य व विकास संघटनेची 426 क्रमांकाची मार्गदर्शिका 2007 ची. भारताचा कीटकनाशक कायदा 1968 चा आहे.

या मार्गदर्शिकेनुसार गाभण उंदरीस, आणि पिले दूध पीत असेपर्यंत, ते द्रव्य दिले जाते. पुढे पिलांची हालचाल, आकस्मिक आवाजाने दचकणे, चक्रव्यूहातील शिकणे व स्मरण तपासतात. मेंदूचे वजन करून त्याचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली मोजतात. प्रत्येक मात्रेसाठी किमान वीस वेते लागतात. हे काम खर्चिक आणि दीर्घकाळ चालणारे असल्यामुळे वापरातील बहुसंख्य रसायने या परीक्षेस कधी बसलेलीच नाहीत.

जी बसली त्यांचीही कथा सरळ नाही. 1965 मध्ये बाजारात आलेले क्लोरपायरीफॉस हे त्याचे ठळक उदाहरण. उत्पादकाने पुरस्कृत केलेल्या 1998 च्या उंदरांवरील अभ्यासाचा निष्कर्ष आश्वासक होता. मी, रुडेन व ग्रांजाँ यांनी त्याच अभ्यासाची मूळ आकडेवारी 2018 मध्ये पुन्हा तपासली, तेव्हा लहान मेंदूच्या मापांतील फरक सर्वांत कमी मात्रेतही दिसून आला. दरम्यान न्यूयॉर्कमधील बालकांच्या नाळेच्या रक्तात हे द्रव्य जितके अधिक, तितके सातव्या वर्षी बुद्ध्यंक व कार्यस्मृतीचे गुण कमी, असे 2011 मध्ये प्रसिद्ध झाले होते. युरोपीय संघाने 2020 मध्ये त्याची मान्यता संपविली. भारताच्या त्याच वर्षीच्या सत्तावीस कीटकनाशकांवरील प्रस्तावित बंदीत त्याचे नाव होते. 2023 मध्ये पूर्ण बंदी आलेल्या द्रव्यांत ते नव्हते. 2025 मध्ये स्टॉकहोम कराराच्या यादीत ते अनेक सवलतींसह दाखल झाले.

भाषेच्या अभ्यासकास येथे आणखी एक गोष्ट जाणवल्याखेरीज राहत नाही. उंदराची परीक्षा कितीही काटेकोर घेतली, तरी उंदीर बोलत नाही. आईपासून दुरावलेले पिलू मानवी कानास ऐकू न येणारी हाक मारते. तिची नोंद घेता येते, परंतु वाक्यरचना, शब्दसंग्रह किंवा गोष्ट सांगण्याची शक्ती तीत शोधणे व्यर्थ होय. मानवी पेशींपासून वाढविलेल्या चेतापेशींचे स्थलांतर, त्यांच्या शाखांची वाढ व त्यांच्या जाळ्यातील विद्युत्‌स्पंदने मोजणाऱ्या ज्या नव्या चाचण्यांविषयी उपरोक्त संघटनेने 2023 मध्ये शिफारशी प्रसिद्ध केल्या, त्या प्राण्यांचे जीव वाचवितात व जलद होतात. उंदीर आणि मनुष्य यांतील अंतराची अडचणही त्यांत पुष्कळशी टळते. परंतु बशीतील पेशीसही भाषा नाही. भाषेवरील अपाय अखेर बोलणाऱ्या मुलांतच मोजावा लागतो, आणि त्यासाठी त्या मुलांच्या भाषेतील मोजपट्टी हवी.

अशा मोजपट्टीचा इतिहास आपल्याकडे अगदीच रिता नाही. व्ही. व्ही. कामत यांनी धारवाडात 1934 च्या सुमारास बिने यांच्या बुद्धिमापन कसोटीचे मराठी व कन्नड मुलांसाठी रूपांतर केले. त्यावरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ 1940 मध्ये आला. शब्दशः भाषांतराने भागत नाही, प्रश्न कोणत्या वयाच्या मुलास कठीण जातो हे प्रत्येक भाषेत नव्याने ठरवावे लागते, हे या कामातील मर्म आज सहज विसरले जाते. पुढे प्रमिला फाटक यांनी बडोद्यातील बालकांच्या आधारे तीस महिन्यांपर्यंतच्या वयाची प्रमाणके बांधली; त्यांची सुधारित आवृत्ती 1997 मध्ये निघाली. विषविज्ञानाच्या ग्रंथांत या दोघांचे नाव क्वचितच येते. उंदीर किती दचकतो हे मोजण्याच्या यंत्रास जेवढी प्रतिष्ठा मिळाली, तेवढी या पट्ट्यांस मिळाली नाही.

धाराशिवमध्ये असा अभ्यास करावयाचा झाला तर अडचण पहिल्याच दिवशी उभी राहील. उमरगा भागात मराठीबरोबर कन्नड कानी पडते, शहरांतील मुसलमान घरांत दखनी बोलली जाते, आणि तांड्यांवरील मूल गोरमाटीत बोलू लागून शाळेत मराठीस प्रथम सामोरे जाते. अशा मुलास मराठी कसोटीत कमी गुण पडले, तर ते फवारणीचे फळ की अनोळखी भाषेचे, हे त्या गुणांवरून सांगता येणार नाही. त्यासाठी आधी न फवारलेल्या गावांतील, त्याच बोलीच्या मुलांची प्रमाणके लागतील. आणि ती बांधण्याचे काम विषशास्त्रज्ञाचे नसून भाषाभ्यासकाचे आहे.