टेम्पो म्हणजे वेग, मग थांबण्याचं भाडं कुणी द्यायचं?

'टेम्पो' हा शब्द आपण इतका आपलासा केलाय की तो आला कुठून, हे कुणी विचारत नाही. हॅम्बुर्गची एक जर्मन कंपनी 'टेम्पो' नावाच्या तीनचाकी मालगाड्या बनवायची. 1950 च्या दशकाच्या अखेरीस तिच्या सहकार्याने आपल्याकडे बजाज टेम्पो उभी राहिली. जर्मन भाषेत टेम्पो म्हणजे वेग. 2005 मध्ये कंपनीने नाव बदलून फोर्स मोटर्स केलं, तरी शब्द काही गेला नाही. त्याच वर्षी टाटा एस बाजारात आली. लोकांनी तिला 'छोटा हत्ती' म्हटलं, पण चालवणारा मात्र टेम्पोवालाच राहिला.

माझ्या संशोधनाचा विषय सोलापूरची अर्जंट मालवाहतूक. अक्कलकोट रोड एमआयडीसीतून निघालेले टॉवेलचे गठ्ठे, मार्केट यार्डातला कांदा, बंद पडलेल्या मशीनचा एखादा पार्ट. हा माल मोठ्या ट्रकची वाट बघत बसू शकत नाही, म्हणून छोटी गाडी लागते. पण टेम्पोवाल्याचा दिवस तासातासाने मांडून बघा. वेगापेक्षा थांबणंच जास्त भरतं. अड्ड्यावर वर्दीसाठी थांबायचं, माल पॅक होईपर्यंत थांबायचं, हमाल येईपर्यंत थांबायचं, आणि तिकडे पोचल्यावर रिटर्न भाड्यासाठी पुन्हा थांबायचं.

आता जरा मागे जाऊ. सोलापुरात रेल्वे 1860 मध्ये आली. 1877 मध्ये 'जुनी मिल' सुरू झाली आणि कापूस, सूत, कापड यांची ने-आण वाढत गेली. रेल्वेच्या हिशेबात थांबण्याला किंमत असते. ठरलेल्या मुदतीत वॅगन रिकामी केली नाही, तर व्यापाऱ्याला डेमरेज भरावं लागतं. म्हणजे लोखंडी डबा थांबला तरी त्याचे पैसे लागतात. टेम्पोत हे काम तोंडी चालतं. 'हॉल्टिंग' हा शब्द सगळ्यांना माहीत आहे, पण ते मिळणार की नाही, हे पार्टी कोण आणि ओळख किती, यावर ठरतं. बिल्टीवर तारीख असते, नग असतात, वजन असतं. गाडी गेटबाहेर चार तास उभी होती, हे लिहायला रकानाच नाही. इतिहासाच्या विद्यार्थ्याची अडचण इथेच सुरू होते: जे लिहिलं जात नाही, ते शोधायचं कुठे?

सरकारी कागद तर आणखी गंमत करतो. ई-वे बिलाची मुदत आधी दर 100 किलोमीटरला एक दिवस होती. 1 जानेवारी 2021 पासून ती 200 किलोमीटरला एक दिवस झाली. सोलापूर-मुंबई अंतर साधारण 400 किलोमीटर, म्हणजे कागद दोन दिवस देतो. पार्टी मात्र एक रात्र देते. दुपारी भरायला बोलावलेली गाडी रात्री दहाला भरते, आणि 'सकाळी पोचलीच पाहिजे' हा निरोप मात्र तोच राहतो. गोदामात गेलेला उशीर रस्त्यावर भरून काढायचा, तोही चालकाच्या झोपेतून.

कायदा नव्हता असं नाही. 1961 च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला 8 तास, आठवड्याला 48 तास, आणि सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती ठरवली. पण तो पाच किंवा अधिक कामगार असलेल्या धंद्यांसाठी होता. 1988 च्या मोटार वाहन कायद्याने कामाच्या तासांसाठी त्याच कायद्याकडे बोट दाखवलं. आता कर्ज काढून एक छोटा हत्ती घेतलेला माणूस स्वतःच मालक आणि स्वतःच ड्रायव्हर. त्याने हजेरीपट कुणाचा ठेवायचा?

म्हणून मी बोलण्याकडे वळलो. अड्ड्यावरचं बोलणं ऐका: 'भरलास का?', 'कधी खाली झालास?', 'रिटर्न हाय का रं?' भरतं आणि खाली होतं ते वाहन, पण क्रियापद माणसाला लागतं. 'मी काल रातच्याला खाली झालो' या एका वाक्यात वेळ, ठिकाण आणि कमाई, तिन्ही येतात. सोलापुरात हेच बोलणं मराठीतून कन्नडमध्ये, तेलुगूत, दखनीत सहज सरकतं. हमाल एका भाषेचा, कारखानदार दुसऱ्या, आणि हैदराबादचा गोदामवाला तिसऱ्याच. कोणती पार्टी तासन्‌तास ताटकळत ठेवते, वाराई कुठे जास्त घेतात, हॉल्टिंग कोण देतं, ही सगळी माहिती याच बोलण्यातून फिरते. वरवर ती टाइमपास गप्पा वाटते. खरं तर बिल्टीत नसलेला रकाना तिथे भरला जातो.

पूर्वी जकात नाक्यावर सगळ्यांनाच थांबावं लागायचं. तो त्रास होता, पण एकत्र थांबल्यामुळे दहा जणांची खबर दहा जणांना कळायची. जकात गेली, 2017 मध्ये जीएसटी आला, पुढे फास्टॅगही सक्तीचा झाला. रस्त्यावरचं थांबणं कमी झालं, ते चांगलंच झालं. गेटबाहेरचं थांबणं मात्र तसंच आहे, आणि तिथे ज्याचा तो एकटा असतो. पुढच्या वेळी 'अर्जंट डिलिव्हरी' असं वाचलंत, तर एवढंच विचारा: गाडी भरायला किती वेळ लागला, आणि त्या वेळेचे पैसे कुणी दिले?