हरितगृह वायूंवर प्लाझ्मा-उत्प्रेरणाचा प्रयोग

कार्बन डायऑक्साइड ही इंधन जळून उरलेली एक प्रकारची राखच होय. तिच्यापासून पुन्हा उपयोगी पदार्थ मिळवायचा तर ऊर्जा खर्चावीच लागते, आणि केवळ उष्णतेने तिचे विघटन साधायचे झाल्यास तापमान दोन हजार अंश सेल्सिअसच्या आसपास न्यावे लागते. हैदराबादनजीक कंदी येथील आयआयटीमध्ये रसायनशास्त्राचे प्राध्यापक चल्लापल्ली सुब्रह्मण्यम व त्यांच्या सहकाऱ्यांनी निराळा मार्ग अभ्यासला आहे: शीत प्लाझ्मा आणि उत्प्रेरक यांची जोडी.

शीत प्लाझ्मात इलेक्ट्रॉनच तेवढे दहा हजार अंशांहून अधिक तापलेले असतात. वायू मात्र त्या मानाने थंड राहतो. यंत्ररचना साधी असते. काचेच्या अथवा क्वार्ट्‌झच्या नळीच्या आत एक विद्युताग्र, बाहेर दुसरे, आणि मधल्या काही मिलिमीटरच्या फटीतून वाहणारा वायू. काही हजार व्होल्टचा प्रत्यावर्ती दाब दिला की फटीत असंख्य सूक्ष्म विद्युत्‌विसर्ग होतात; काचेच्या अडसरामुळे त्यांची मोठी ठिणगी बनत नाही. व्हेर्नर फोन सीमेन्स यांनी १८५७ मध्ये याच तत्त्वावर ओझोन तयार केला होता. म्हणजे साधन जुनेच आहे.

याच फटीत निकेलचा लेप दिलेल्या ॲल्युमिनाच्या गोळ्या भरल्या की उत्प्रेरकाचे काम सुरू होते. मिथेन व कार्बन डायऑक्साइड एकत्र सोडल्यास हायड्रोजन आणि कार्बन मोनॉक्साइड मिळतात, व त्यांपासून मिथेनॉलसारखी रसायने बनवता येतात. रूढ पद्धतीत याला सातशे अंशांहून अधिक उष्णता लागते. प्लाझ्मात बरेच कमी तापमान पुरते. निकेलवर काजळी साचून त्याची क्रियाशीलता घटण्याची डोकेदुखी मात्र येथेही सुटत नाही.

खरा प्रश्न विजेचा आहे. एक किलो कार्बन डायऑक्साइडचे कार्बन मोनॉक्साइड व ऑक्सिजन यांत विघटन करण्यास सिद्धान्ततः सुमारे १.८ युनिट वीज लागते. भारतीय ग्रिडच्या एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे यंत्र शंभर टक्के कार्यक्षम असले तरी एक किलो वायू फोडताना सव्वा किलो नवा निर्माण होणार! कार्यक्षमता दहा टक्के धरली, तर हा आकडा बारा किलोंच्या वर जातो. कोळशाच्या विजेवर हा उद्योग आतबट्ट्याचाच ठरेल.

सौर वा पवन विजेवर मात्र हिशेब बदलतो. उष्ण भट्टी तापायला तास लागतात. प्लाझ्मा कळ दाबताच पेटतो आणि विझतो, त्यामुळे दुपारची अतिरिक्त सौर वीज त्याला मानवते. गोव्याच्या दृष्टीने पाहता, साळगाव येथील प्रकल्पात ओल्या कचऱ्यापासून बायोगॅस तयार होतो. बायोगॅसमध्ये मुख्यत्वे हेच दोन वायू असतात, साधारणपणे साठ टक्के मिथेन व उरलेला बहुतांश कार्बन डायऑक्साइड. अशा वायूतील गंधकयुक्त अंश आधी काढावा लागतो, कारण निकेलला तो विषासमान आहे.