गिट लॉगिनची साठवण, डब्ल्यूएसएलमधील

विंडोजच्या आत चालणाऱ्या लिनक्समधून गिट वापरताना सर्व्हरला द्यायचे लॉगिन जपून ठेवण्याची व्यवस्था. हे लिनक्स ‘विंडोज सबसिस्टिम फॉर लिनक्स’ म्हणजेच डब्ल्यूएसएल या नावाने २०१६ मध्ये विंडोज १० वर आले. लिनस टॉरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये सुरू केलेले गिट स्वतःहून पासवर्ड लक्षात ठेवत नाही. एचटीटीपीएसच्या पत्त्यावर पुश करताना ते दर वेळी विचारते. १३ ऑगस्ट २०२१ पासून गिटहबने या कामासाठी खात्याचा पासवर्ड घेणे थांबवले आणि त्याच्या जागी लांबलचक टोकन आले. ते कोणी पाठ करत नाही, त्यामुळे साठवणीला पर्याय उरला नाही.

साठवणीचे काम गिट ‘क्रेडेन्शियल हेल्पर’ या वेगळ्या प्रोग्रॅमकडे सोपवते. गिट सर्व्हरचे नाव सांगते, हेल्पर लॉगिन काढून देतो. सर्व्हरने ते नाकारले, तर गिट हेल्परला ते पुसायला सांगते. म्हणून मुदत संपलेले टोकन पुढच्या वेळी नव्याने विचारले जाते.

गिटबरोबर येणाऱ्या हेल्परांपैकी ‘कॅश’ लॉगिन फक्त मेमरीत ठेवतो, तेही सेटिंग न बदलल्यास ९०० सेकंद. ‘स्टोअर’ मात्र ते होम फोल्डरमधल्या एका लपलेल्या फाइलीत साध्या मजकुरात लिहून ठेवतो. घाईत सल्ला देणारे बहुधा हाच सुचवतात, आणि डब्ल्यूएसएलमध्ये तो सगळ्यात कच्चा आहे. फाइलीला ६०० परवानगी असते, म्हणजे ती फक्त मालकाने वाचायची. पण विंडोजमधला त्याच वापरकर्त्याचा कोणताही प्रोग्रॅम लिनक्सच्या फाइली नेटवर्क फोल्डरसारख्या उघडू शकतो. शिवाय अख्ख्या लिनक्सची प्रत एका फाइलीत एक्सपोर्ट करता येते. सहकाऱ्याला तयार सेटअप म्हणून ती प्रत दिली, की टोकनही सोबत जाते.

डेस्कटॉप लिनक्सवर पासवर्ड जपणारे गनोम कीरिंग इथे सहसा चालू नसते. त्यामुळे ‘गिट क्रेडेन्शियल मॅनेजर’ हा मार्ग उजवा ठरतो. ‘गिट फॉर विंडोज’बरोबर तो बसवता येतो. डब्ल्यूएसएलमधून विंडोजचे प्रोग्रॅम चालवता येतात, म्हणून लिनक्समधल्या गिटच्या ग्लोबल सेटिंगमध्ये हेल्पर म्हणून सी ड्राइव्हवरच्या या प्रोग्रॅमचा पूर्ण पत्ता द्यावा. बहुतेक जण अडतात ते ‘प्रोग्रॅम फाइल्स’मधल्या रिकाम्या जागेपाशी; तिच्या आधी बॅकस्लॅश हवा. ‘गिट फॉर विंडोज’च्या जुन्या आवृत्त्यांत या प्रोग्रॅमचे नाव आणि फोल्डर वेगळे होते, तेव्हा जुनी सूचना डोळे झाकून उतरवू नये. पुढे गिटहबसाठी ब्राउझरमध्ये एकदा साइन इन केले, की दोन्ही बाजूंना तेच लॉगिन चालते. ते विंडोजच्या क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये एन्क्रिप्ट होऊन राहते. त्याच वापरकर्त्याच्या नावाने चालणारा घातक प्रोग्रॅम ते तिथूनही मागून घेऊ शकतो, पण लिनक्सच्या बॅकअपमध्ये ते उघडे पडत नाही.

एसएसएच वापरणाऱ्याला हेल्परची गरजच नसते. मात्र त्याची खासगी की लिनक्सच्या होम फोल्डरमध्येच ठेवावी. सी ड्राइव्हवरच्या फाइलींच्या परवानग्या एरवी सताड उघड्या दिसतात आणि एसएसएच अशी की नाकारते.

पूर्वी ‘स्टोअर’ वापरले असेल, तर नुसता हेल्पर बदलून भागत नाही: जुनी फाइल हाताने पुसावी आणि त्यातले टोकन गिटहबवर जाऊन रद्द करावे.