चोरावर मोर

पु. ल. देशपांड्यांचं 'तीन पैशाचा तमाशा' आपल्यापैकी अनेकांनी पाहिलं असेल, निदान त्याविषयी ऐकलं तरी असेल. १९७८ साली थिएटर अकादमीने जब्बार पटेलांच्या दिग्दर्शनाखाली ते रंगमंचावर आणलं. पुलंनी ते घेतलं ब्रेख्तच्या १९२८ सालच्या नाटकावरून. ब्रेख्तने घेतलं जॉन गे या इंग्रज लेखकाच्या १७२८ सालच्या 'बेगर्स ऑपेरा'वरून. आणि गेने उचललं थेट लंडनच्या रस्त्यावरून. त्याच्या नाटकातला देखणा दरोडेखोर आणि चोरांच्या जिवावर पोट भरणारा व्यापारी ही दोन्ही पात्रं लंडनकरांना ओळखीची होती. पडदा वर गेला तेव्हा मूळच्या दोघांना फासावर जाऊन चार वर्षंसुद्धा झाली नव्हती. एकाचं नाव जॅक शेपर्ड, दुसऱ्याचं जोनाथन वाइल्ड. यांतला खरा चोर कोण, हा प्रश्न तीनशे वर्षांनंतरही विचारण्यासारखा आहे.

जॅकचा जन्म १७०२ सालचा, पूर्व लंडनमधल्या स्पिटलफील्ड्सचा. बाप सुतार, तो लवकर गेला. आईने पोराला अनाथ-गरिबांच्या आश्रमशाळेत टाकलं आणि स्वतः नीबोन नावाच्या कापड व्यापाऱ्याकडे चाकरीला लागली. या नीबोनने जॅकला लिहायला-वाचायला शिकवलं आणि एका सुताराच्या हाताखाली सात वर्षांच्या उमेदवारीवर लावून दिलं. पोराच्या हातात कसब होतं. पण उमेदवारी संपण्याआधीच तो दारूच्या गुत्त्यात रमला, एलिझाबेथ लायन नावाच्या बाईच्या नादी लागला आणि चोऱ्या करू लागला.

'मृच्छकटिका'तला शर्विलक आपल्याला आठवतो. भिंतीला भोक पाडण्याआधी जानव्याने माप घेणारा, चोरीला शास्त्र मानणारा. जॅकही कसबी, पण त्याचं कसब घर फोडण्यापेक्षा तुरुंग फोडण्यात दिसलं. १७२४ साली तो चार वेळा पळाला. पहिल्यांदा एका कोठडीच्या छपरातून. दुसऱ्यांदा क्लार्कनवेलच्या तुरुंगातून, एलिझाबेथला बरोबर घेऊन, चादरींना गाठी मारून. तिसऱ्यांदा न्यूगेटच्या फाशीकोठडीतून, बायकी कपडे चढवून. चौथी सुटका सगळ्यांत अचाट. त्याच न्यूगेटात त्याला बेड्या घालून जमिनीतल्या लोखंडी कड्याला जखडलं होतं. १५ ऑक्टोबरच्या रात्री त्याने कड्यापासून स्वतःला सोडवलं, धुराड्यातला आडवा गज उपटला आणि त्याच गजाने एकामागून एक कुलूपबंद दारं फोडत तो छपरावर पोचला. तिथून खालच्या घरावर उतरायला दोर नव्हता. तेव्हा हा गृहस्थ आल्या वाटेने परत कोठडीत गेला आणि आपलं कांबळं घेऊन आला! पायांतल्या बेड्या तशाच होत्या.

एवढं वाचून कुणालाही जॅक आवडू लागतो. त्या वेळच्या लंडनलाही तो आवडला होता. लोक पैसे मोजून त्याला तुरुंगात बघायला जायचे. राजदरबारी चित्रकार जेम्स थॉर्नहिलने कोठडीत जाऊन त्याचं चित्र काढलं. पण फाशीची शिक्षा त्याला ज्या चोरीसाठी झाली ती कुणाच्या घरी केली होती? त्याच नीबोनच्या घरी. खाल्ल्या घरचे वासे मोजणं याहून वेगळं काय असतं? तेव्हा जॅकला गरिबांचा कैवारी करण्याची गरज नाही. श्रीमंताकडून घेऊन गरिबाला वाटल्याची त्याची ख्याती नाही. मिळालं ते त्याने दारूत आणि भपक्यात घालवलं. शेवटच्या वेळी पकडला गेला तेव्हाही तो भर दारूत होता, अंगात काळा रेशमी सूट आणि बोटात हिऱ्याची अंगठी. दोन्ही चोरीचं.

आता जोनाथन. हा वुल्व्हरहॅम्प्टनचा, जॅकपेक्षा जवळपास वीस वर्षांनी मोठा. कर्जापायी लंडनच्या तुरुंगात पडला आणि तिथे त्याची चोरांच्या दुनियेशी ओळख झाली. सुटल्यावर त्याने जो धंदा उभारला तो समजायला तेव्हाचं लंडन डोळ्यांसमोर आणावं लागेल. शहरात आजच्यासारखे पोलीस नव्हते, ते यायला १८२९ साल उजाडलं. चोरी झाली तर चोर शोधायचा फिर्यादीने आणि खटल्याचा खर्चही बहुधा त्यानेच करायचा. चोर पकडून देणाऱ्याला सरकार बक्षीस द्यायचं. दरोडेखोर दोषी ठरला तर ४० पौंड, आणि १७२० पासून लंडन परिसरासाठी वर आणखी १००. साध्या कामकऱ्याची ही कित्येक वर्षांची कमाई होती.

या दोन गोष्टींच्या फटीत जोनाथनने दुकान मांडलं. चोरीचा माल विकत घेणं हा गुन्हा होता, म्हणून तो मालाला हात लावत नसे. चोराने माल आपल्याजवळच ठेवायचा, फक्त काय आणि कुणाचं ते जोनाथनला कळवायचं. मग ज्याचं घड्याळ किंवा हिशेबाची वही गेली तो गृहस्थ हवालदिल होऊन त्याच्या कचेरीत यायचा. जोनाथन नोंद करायचा, चौकशी करतो म्हणायचा, आणि चार दिवसांनी ठराविक रक्कम ठरवून वस्तू परत यायची. गृहस्थ खूश, कारण वस्तू स्वस्तात मिळाली. चोर खूश, कारण चोरबाजारापेक्षा भाव बरा मिळाला. आणि जो चोर जोनाथनला जुमानत नसे, त्याला तो पकडून देऊन सरकारी बक्षीस घ्यायचा. साठाहून अधिक चोर आपण फासावर पाठवले अशी त्याची फुशारकी होती. स्वतःला तो ग्रेट ब्रिटन आणि आयर्लंडचा 'चोरपकड्यांचा सेनापती' म्हणवून घेई. वाढत्या गुन्ह्यांवर उपाय काय, असं १७२० साली खुद्द प्रिव्ही कौन्सिलने त्याला विचारलं. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या म्हणतात, त्या इथे सरकारने मानाने दिल्या.

जॅक त्याच्या टोळीत गेला नाही. जोनाथनच्या माणसांनी त्याला पकडलं, आणि १६ नोव्हेंबर १७२४ रोजी टायबर्नला त्याला फाशी झाली. वय बावीस. गर्दी दोन लाखांची होती असं सांगतात. वाटेत दोर कापायला लपवलेला चाकू आधीच काढून घेतला होता. प्रेत लगेच उतरवून शुद्धीवर आणायचा बेत मित्रांनी केला होता, पण ते प्रेत चिरफाडीसाठी डॉक्टरांकडे नेतील या भीतीने गर्दीनेच कुणाला जवळ येऊ दिलं नाही म्हणे.

पुढच्या वर्षी जोनाथनची पाळी आली. त्याच्यावर नाडीदार लेस चोरल्याचा आरोप होता, त्यातून तो सुटला. पण तीच लेस मालकिणीला परत मिळवून देताना त्याने १० गिनी घेतल्या होत्या. चोराला न पकडता माल परत करण्याचे पैसे घेणं हा १७१८ च्या कायद्याने गुन्हा होता. हा कायदा लोक त्याच्याच नावाने ओळखत, आणि तरी सात वर्षं त्याने त्याला चकवलं होतं. २४ मे १७२५ ला त्याच टायबर्नवर तो लटकला. जॅकसाठी हळहळणाऱ्या लंडनने त्याला दगड मारले.

मला मात्र त्या दगड मारणाऱ्यांविषयी प्रश्न पडतो. जोनाथनच्या कचेरीत रांग लावणारे चोर नव्हते, साव होते. आपली वस्तू परत मिळाली की ती कुणी नेली आणि पुढच्या वेळी कुणाचं घर फुटेल हे त्यांनी विचारलं नाही. जॅकला चोरीसाठी हातोडी आणि अंधार लागे. जोनाथनला लागत ती सज्जन गिऱ्हाइकं, बक्षीस देणारं सरकार आणि काही न विचारणारं शहर. जॅकसारखे चोर पकडता येतात. ज्याच्यावाचून आपलंच काम अडतं तो चोर आपल्याला चोर वाटतच नाही. खरा चोर मी म्हणेन तो हा. आजही कुणी कागदपत्रांशिवाय अर्ध्या किमतीत चांगला फोन देऊ केला तर आपण किती प्रश्न विचारतो?

गेने नाटकात हेच केलं. त्याचा चोरांचा व्यापारी बघताना प्रेक्षकांना जोनाथनबरोबर पंतप्रधान वॉलपोलही दिसला. पुढचा भाग त्याने लिहिला तेव्हा सरकारने तो रंगमंचावर येऊ दिला नाही.

लंडनमध्ये असाल तर मार्बल आर्चजवळ रस्त्याच्या बेटावर टायबर्नच्या फासाची खूण सांगणारी गोल फरशी आहे. जोनाथनचा सांगाडा रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सच्या हंटेरियन संग्रहालयात आहे. जॅकला सेंट मार्टिन-इन-द-फील्ड्सला पुरलं, ट्रफाल्गर चौकाच्या कडेला. तीनही ठिकाणं एका दुपारी पायी पाहून होतात.