सायकलस्वारांची युनियन आणि रस्ता



सायकलशर्यतींच्या इतिहासावर कामगार चळवळीतल्या माणसाने का बोलावे, असा प्रश्न आपल्या मनात आला असेल. माझी शाळा आठवीत सुटली. पुढचे शिक्षण पत्रके वाटता वाटता झाले, आणि ती पत्रके मी सायकलवरून वाटली. त्या वाहनाविषयी वाचीत असताना इंग्लंडातील एका संघटनेची हकीकत हाती आली. तिच्या कारभारात मला आपल्याच घरची भांडणे दिसली, म्हणून आज ती सांगावयाची आहे.

शर्यतींचा जोर प्रथम फ्रान्सात होता. ७ नोव्हेंबर १८६९ रोजी पॅरिस ते रुआँ अशी सुमारे १२३ किलोमीटरांची शर्यत झाली. ती जेम्स मूर या इंग्रज तरुणाने साडेदहा तासांहून थोड्या अधिक वेळात जिंकली. मूर हा लोहाराचा मुलगा. ही गोष्ट ध्यानात ठेवावी. कारण त्याच सुमारास इंग्लंडातील मैदानी खेळांच्या पुढाऱ्यांनी 'हौशी खेळाडू' कोणाला म्हणावे याची जी व्याख्या केली, तिच्यात मेकॅनिक, कारागीर व मजूर यांना जागाच नव्हती. अंगमेहनतीने त्यांचे शरीर आधीच कमावलेले असते, तेव्हा सभ्य गृहस्थांवर अन्याय होतो, असे समर्थन केले जाई. घाम गाळणाऱ्याच्या घामावरच हरकत घेणारा हा युक्तिवाद मी इतर ठिकाणीही, निराळ्या शब्दांत, पुष्कळदा ऐकला आहे.

१६ फेब्रुवारी १८७८ रोजी लंडनच्या गिल्डहॉल टॅव्हर्नमध्ये 'बायसिकल युनियन' स्थापन झाली. स्थापणारी मंडळी बहुतेक सुखवस्तू होती. परंतु तिने हौशीपणाची कसोटी पैशावर ठेवली, धंद्यावर नव्हे. त्याच वर्षी एका अर्लचा मुलगा आयन कीथ-फाल्कनर याने जॉन कीन या धंदेवाईक विजेत्याला पाच मैलांच्या शर्यतीत अगदी थोडक्यात हरविले. (हा कीथ-फाल्कनर अरबी भाषेचा मोठा पंडित. पुढे मिशनरी होऊन तो एडनला गेला व तेथेच १८८७ साली तापाने वारला. एडनचा कारभार त्या काळी मुंबई इलाख्यातून चाले.)

१८८३ साली युनियनने 'नॅशनल सायक्लिस्ट्स युनियन' हे नाव घेतले. शर्यतींचे नियम आणि विक्रमांची नोंद ही कामे तिने केलीच. पण मला तिचे खरे मोठेपण दुसरीकडे दिसते. अवघड उतारांवर तिने धोक्याच्या पाट्या लावल्या, आणि सायकलस्वारांच्या हक्कासाठी ती भांडली. १८८८ च्या स्थानिक कारभाराच्या कायद्याने सायकल ही गाडी ठरली. गावोगावचे अडवणुकीचे नियम गेले. घंटी मात्र वाजवावी लागे. घोडागाडीवाल्याइतकाच सायकलवाल्याचाही रस्त्यावर हक्क आहे, हे कायद्याने मान्य झाले.

आणि नेमका हाच हक्क मिळविल्यावर युनियन भ्याली! रस्त्यावर शर्यती होत, घोडे बुजत, पोलीस खटले भरीत. सरकार सायकलच बंद करील या धास्तीने १८९० च्या दशकात तिने रस्त्यावरच्या शर्यतींना बंदी घातली. शर्यती बंद मैदानात घ्याव्यात, असे फर्मान निघाले. ज्यांना हे पटले नाही त्यांनी एक पळवाट काढली. एफ. टी. बिडलेक याच्या पुढाकाराने ५ ऑक्टोबर १८९५ रोजी नॉर्थ रोड क्लबने पन्नास मैलांची चाचणी घेतली. स्वार ठराविक अंतराने एकेक सोडावयाचे, आणि घड्याळ निकाल देणार. पुढे हीच रीत झाली. पहाट, काळे कपडे, मार्गाला सांकेतिक नाव. भूमिगत कार्यकर्त्यांची बैठकच जणू! मला यात गंमत वाटते आणि वाईटही वाटते. बंदी सरकारची नव्हती, आपल्याच पुढाऱ्यांची होती.

ती जवळजवळ अर्धे शतक टिकली. फ्रान्सात त्या काळात, १९०३ साली, 'तूर द फ्रान्स' सुरू झाली; इंग्रज स्वार मात्र गटागटाने रस्त्यावर शर्यत करण्यास मुकले. अखेर महायुद्धात पेट्रोलच्या टंचाईने रस्ते ओस पडले, तेव्हा वॉल्व्हरहॅम्प्टनचा सायकलदुकानदार पर्सी स्टॅलार्ड याने ७ जून १९४२ रोजी लँगोलेन ते वॉल्व्हरहॅम्प्टन अशी शर्यत घेतली. सुमारे चाळीस स्वार निघाले. पोलिसांनी विरोध तर सोडाच, उलट मदत केली. पन्नास वर्षे ज्यांची भीती बाळगली तेच रस्ता मोकळा करून देत होते. युनियनने काय केले? स्टॅलार्डला बडतर्फ केले आणि स्वारांनाही निलंबित केले.

शिस्त मोडणाऱ्याला शिक्षा झाली पाहिजे, हे मी संघटनेचा माणूस म्हणून मानतो. पण ठराव कोणत्या परिस्थितीत झाला होता आणि ती परिस्थिती आज उरली आहे काय, एवढे तरी कार्यकारिणीने पाहावयास नको काय? ते न पाहिल्यामुळे त्याच नोव्हेंबरात 'ब्रिटिश लीग ऑफ रेसिंग सायक्लिस्ट्स' ही प्रतिस्पर्धी संघटना निघाली. सतरा वर्षे दोन्ही गट एकमेकांशी भांडले.

१९५९ साली युनियन व लीग एकत्र होऊन 'ब्रिटिश सायकलिंग फेडरेशन' झाली. रस्त्यावरची शर्यत तोवर रूढ झाली होती. स्टॅलार्डला मात्र हे ऐक्य मान्य नव्हते. आपल्या माणसांनी लीग विकली, असेच तो मानीत राहिला. २००१ साली, ब्याण्णव वर्षांचा होऊन तो वारला.