अध्ययन अक्षमता आणि शाळा : प्रमाणपत्रापूर्वीची मदत व प्रमाणपत्रानंतरचे हक्क

मूल चुणचुणीत असते, ऐकलेली गोष्ट जशीच्या तशी सांगते, बाजारातून चोख हिशेब घेऊन येते. परंतु चौथीत गेले तरी पुस्तकातील उतारा त्याला सलग वाचता येत नाही. अशा मुलाला घरी ‘आळशी’ आणि शाळेत ‘मठ्ठ’ ही विशेषणे सहज चिकटतात. वास्तविक अशा काही मुलांच्या बाबतीत उणीव बुद्धीची नसते आणि कष्टांचीही नसते. त्यांना विशिष्ट अध्ययन अक्षमता असते. तिचे स्वरूप, तपासणी, कायदेशीर हक्क आणि मुलाच्या मनाची जपणूक यांविषयीची माहिती पालक व शिक्षकांसाठी येथे एकत्र दिली आहे.

स्वरूप

वाचनातील अडचणीस डिस्लेक्सिया, लेखनातील अडचणीस डिसग्राफिया आणि गणितातील अडचणीस डिसकॅल्क्युलिया म्हणतात. एकाच मुलात यांपैकी दोन किंवा तिन्ही आढळू शकतात. अक्षरे, ध्वनी व अंक यांची सांगड घालण्याची मेंदूची पद्धत या मुलांमध्ये निराळी असते. पुष्कळदा ती आनुवंशिक असते. म्हणून एका भावंडात आढळल्यास दुसऱ्याकडेही लक्ष द्यावे. हा आजार नव्हे; त्यावर औषध नाही. मात्र योग्य पद्धतीने शिकविल्यास मुलाची निश्चित प्रगती होते. २००७ साली प्रदर्शित झालेल्या ‘तारे जमीन पर’ या चित्रपटामुळे हा विषय अनेक घरांत प्रथमच बोलला गेला.

लक्षणे

मराठी वाचताना घ-ध, भ-म, ब-व अशा अक्षरांत वारंवार गोंधळ होणे, मात्रा, वेलांटी व अनुस्वार गळणे, जोडाक्षरापाशी अडखळणे, ओळ सुटणे, फळ्यावरचे उतरवून घेण्यास फार वेळ लागणे, तोंडी उत्तर अचूक पण लेखी उत्तर अपुरे असणे ही काही ठळक लक्षणे होत. पहिली-दुसरीत असे थोडेफार सर्वच मुलांचे होते. नीट शिकवूनही ते टिकून राहिले, तर तपासणी करावी.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. वसई परिसरातील अनेक मुलांच्या घरी सामवेदी किंवा वाडवळी बोली असते, प्रार्थना मराठीत असते आणि शाळा इंग्रजी माध्यमाची असते. नवी भाषा शिकताना होणारा विलंब म्हणजे अक्षमता नव्हे. मूल शिकत असलेल्या प्रत्येक लिपीत वाचनाची तीच अडचण दिसते का, हे शिक्षकांनी पाहावे.

तपासणी

प्रथम दृष्टी व श्रवण यांची परीक्षा होते. त्यानंतर मानसशास्त्रज्ञ बुद्धिमापन करतात आणि विशेष शिक्षक वाचन, लेखन व गणित यांची चाचणी घेतात. मुंबईत शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयासारख्या सार्वजनिक रुग्णालयांत ही सोय आहे. केंद्र शासनाच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार तिसरीत किंवा वयाच्या आठव्या वर्षी, यांपैकी जे आधी येईल तेव्हा, शाळेतील शिक्षकांनी प्राथमिक चाचपणी करावयाची असते. प्रमाणपत्र आठ वर्षांनंतरच मिळते. १४ व्या व १८ व्या वर्षी फेरतपासणी होते आणि १८ व्या वर्षी मिळालेले प्रमाणपत्र आयुष्यभर ग्राह्य धरण्याची तरतूद या सूचनांत आहे. तपासणीसाठी अनेक खेपा घालाव्या लागतात. तेव्हा शाळेचे पत्र, प्रगतिपुस्तके आणि मुलाच्या वह्या जपून ठेवाव्यात.

कायद्याने दिलेले हक्क

१९९५ च्या अपंग व्यक्तींविषयीच्या कायद्यात सात प्रकारांची नोंद होती. अध्ययन अक्षमतेचा त्यांत समावेश नव्हता. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला आणि प्रकारांची संख्या २१ झाली. त्यांत विशिष्ट अध्ययन अक्षमता व स्वमग्नता यांचा समावेश आहे. या अधिनियमाचे कलम १६ समावेशक शिक्षणाविषयी असून ते अनुदानित शाळांबरोबरच शासनमान्य शाळांसंबंधीही आहे. म्हणजे विनाअनुदानित मान्यताप्राप्त शाळेलाही हा विषय परका नाही. अध्ययन अक्षमता शक्य तितक्या लवकर ओळखून योग्य अध्यापन करण्याचा उल्लेख याच कलमात आहे. कलम १७ मध्ये परीक्षेतील अतिरिक्त वेळ, लेखनिक तसेच दुसऱ्या व तिसऱ्या भाषेतून सूट यांचा निर्देश आहे. ४० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व प्रमाणित झालेल्या मुलास ६ ते १८ वर्षे वयापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क कलम ३१ देते.

महाराष्ट्र शासनाने अशा विद्यार्थ्यांसाठी परीक्षेतील सवलती १९९६ पासूनच सुरू केल्या होत्या. दहावी-बारावीच्या सवलतींसाठी शासनमान्य केंद्राचे प्रमाणपत्र लागते आणि अर्ज शाळेमार्फत मंडळाकडे जातो. म्हणून मुख्याध्यापकांची भेट परीक्षेच्या वर्षापूर्वीच घ्यावी.

प्रमाणपत्रापूर्वीची मदत

बहुसंख्य पालक नववी-दहावीत सवलतींसाठी धावपळ करतात. सवलत गुण वाचविते. ती वाचायला शिकवीत नाही. वाचन शिकविण्याचा सर्वांत फलदायी काळ प्राथमिक इयत्तांचा असतो आणि त्या मदतीसाठी कोणत्याही कागदाची वाट पाहावी लागत नाही. वर्गशिक्षकाला आजपासूनच पुढील गोष्टी करता येतील :

- मुलाला पहिल्या बाकावर बसवावे व एका वेळी एकच सूचना द्यावी.
- फळ्यावरील मजकूर उतरवून घेण्याऐवजी छापील टिपण द्यावे.
- प्रश्न वाचून दाखवावा आणि शक्य तेथे उत्तर तोंडी घ्यावे.
- शुद्धलेखनाचे गुण वेगळे ठेवून आशयाला न्याय द्यावा.
- अक्षर व ध्वनी यांचा संबंध क्रमाने, गिरवून, उच्चारून आणि पुनःपुन्हा सराव देऊन पक्का करावा.
- पूर्वतयारीशिवाय सर्वांसमक्ष मोठ्याने वाचावयास लावू नये.

घरी रोज पंधरा-वीस मिनिटे शांतपणे एकत्र वाचणे हे रविवारच्या तीन तासांच्या सक्तीपेक्षा हितकारक ठरते.

मनाची जपणूक

सतत अपयश पाहणारे मूल ‘मला येतच नाही’ असा निष्कर्ष काढते. शाळेच्या सकाळी पोट दुखणे, वह्या लपविणे, वर्गात विदूषकी करणे, घरी एकाएकी चिडणे यांमागे ही लाज असू शकते. भावंडांशी तुलना टाळावी. त्याची अडचण त्याला सोप्या शब्दांत व नावानिशी समजावून सांगावी. आपल्यासारखी इतरही मुले आहेत, हे कळल्याने त्याचे ओझे हलके होते. चित्रकला, खेळ, वाद्य, बागकाम यांपैकी जेथे ते रमते, ती गोष्ट शिक्षा म्हणून कधीही बंद करू नये. उदासी टिकून राहिली, तर समुपदेशकाची मदत घेण्यात कमीपणा नाही.

हीच मुले रविवारी धर्मशिक्षणाच्या वर्गात येतात. तेथे आळीपाळीने वाचन घेताना, किंवा मिस्सेत वाचनाची जबाबदारी देताना, उतारा आठवडाभर आधी हाती द्यावा. ज्याला वाचन नको वाटते, त्याला दुसरी सेवा सन्मानाने द्यावी.

आपल्या धर्मग्रामात निवृत्त शिक्षक-शिक्षिका पुष्कळ आहेत. त्यांच्यापैकी एकेकाने आठवड्यातून दोन सायंकाळी एका मुलासोबत वाचावयास बसायचे ठरविले, तर तिसरीतील मुलाला दहावीपर्यंत थांबावे लागणार नाही.